बाजूला कोण बसलं होतं? नागासाकीची अडीचशे वर्षं आणि रविवारची मिस्सा

ज्यांना चाळीस मिनिटं ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना आलेले 'ॲक्च्युअली' आणि 'म्हणजे' शक्य तेवढे काढलेत. उरलेले चालवून घ्या.

आजचा विषय माझ्या आजीने दिला. तिला हे माहीत नाही, कारण तिला पॉडकास्ट म्हणजे काय तेच माहीत नाही.

मी वसईचा. आमचं घर कॅथलिक, पिढ्यानपिढ्या. शाळेत असेपर्यंत रविवारची मिस्सा चुकवणं हा पर्यायच नव्हता. ताप असेल तरच सूट, आणि तोही थर्मामीटरने सिद्ध करायचा. मग इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, फ्लॅट, रूममेट्स, शनिवारी रात्रीची डिप्लॉयमेंट. रविवारी सकाळी सातची मिस्सा हळूहळू आयुष्यातून गळून गेली. भांडण नाही, बंड नाही, देवावरचा विश्वास उडाला असंही नाही. नुसती गळून गेली.

दर रविवारी दुपारी मी घरी फोन करतो. मम्मी विचारते, "मिस्साला गेला होतास?" मी म्हणायचो, "ऑनलाइन बघितली." हे अर्धं खरं असायचं. लॅपटॉपवर एका टॅबमध्ये मिस्सा, दुसऱ्या टॅबमध्ये क्रिकेट. मम्मीला ते कळायचं, पण ती सोडून द्यायची. मग फोन आजीकडे जायचा. आजी आता अंथरुणाला खिळलेली आहे. तिचा प्रश्न वेगळा. ती आमच्या बोलीत विचारते, मी इथे सरळ मराठीत लिहितो: "बाजूला कोण बसलं होतं?"

मिस्साला गेलास का, नाही. फादर काय बोलले, तेही नाही. बाजूला कोण होतं.

पहिल्यांदा मी हसलो. दुसऱ्यांदा विषय बदलला. तिसऱ्यांदा मात्र तो प्रश्न डोक्यात अडकला, आणि मग मी नेहमी जे करतो ते केलं: इतिहास वाचायला बसलो. ख्रिस्ती माणसाने दर आठवड्याला चर्चमध्ये का जायचं? घरात प्रार्थना होते, बायबल मोबाईलमध्ये आहे, देव सगळीकडे आहे असं आपणच म्हणतो. मग चपला घालून जायचं कशाला? माझे हिंदू मित्र हाच प्रश्न वारीबद्दल विचारतात, विठ्ठल घरात असताना पंढरपूर कशाला. आणि वारकऱ्याला विचारा, तो उत्तर द्यायला थांबत नाही, चालू लागतो.

तर सुरुवात अगदी जुन्या काळापासून, पण तिथे फार रेंगाळणार नाही, कारण मला जायचंय नागासाकीला.

इ.स. ११२ च्या सुमाराला, आजच्या उत्तर तुर्कस्तानात प्लिनी नावाचा रोमन गव्हर्नर होता. हुशार, कामसू, आणि प्रत्येक गोष्ट बॉसला मेल करून विचारणारा माणूस. (टीममध्ये असा एक असतोच.) बॉस म्हणजे सम्राट ट्राजान. प्लिनीने त्याला ख्रिस्ती लोकांबद्दल पत्र लिहिलं, ते आजही उपलब्ध आहे. चौकशीत त्याला काय सापडलं? हे लोक एका ठराविक दिवशी उजाडायच्या आधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात, चोरी-व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात, पांगतात, आणि नंतर पुन्हा जमून साधं जेवण जेवतात. बस. उजाडायच्या आधी का? कारण बहुधा साधं होतं: दिवस कामाचा होता. जमणाऱ्यांत गुलामही होते. प्लिनीने ज्या दोन सेविकांना छळ करून बोलतं केलं त्या गुलामच होत्या. रविवारची सरकारी सुट्टी सम्राट कॉन्स्टंटाइनने दिली ती ३२१ साली, म्हणजे त्यानंतर दोनशे वर्षांनी. म्हणजे आधी लोक जमू लागले आणि सुट्टी मागाहून आली. माझा 'रविवार हा एकच तर दिवस मिळतो' हा डायलॉग इथेच थोडा पडला.

आणि सरकारला त्रास कशाचा होता? याच ट्राजानने प्लिनीची आणखी एक विनंती फेटाळली होती. निकोमिडिया शहरात मोठी आग लागली, म्हणून प्लिनीने १५० माणसांचं अग्निशमन पथक काढू का असं विचारलं. उत्तर आलं, नको. माणसं कुठल्याही नावाने एकत्र आली की थोड्या दिवसांत त्याची राजकीय टोळी होते. आग परवडली, पण नियमित भेटणारी माणसं नकोत! कोण घरात एकटं कशाची पूजा करतं याच्याशी साम्राज्याला फार देणंघेणं नव्हतं. जमण्याची भीती होती.

त्यानंतर साधारण १५५ साली जस्टिन नावाच्या माणसाने रोममध्ये बसून या सभेचं वर्णन लिहिलं. सूर्याच्या वारी शहरातले आणि खेड्यातले सगळे एका जागी येतात, वेळ असेल तितकं वाचन होतं, प्रमुख बोलतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो. कुणी कॅथलिक हे वाचत असेल तर त्याला कळेल, हा क्रम आजही जवळपास तोच आहे. पण मला दोन बारीक गोष्टी आवडल्या. एक, ज्यांना परवडतं ते पैसे देतात आणि ते अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परगावचे यांच्यासाठी जातात. दुसरी, जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी सेवक त्या भाकरीचा वाटा घेऊन जातात.

ही दुसरी ओळ वाचून मी थांबलो. कारण आमच्या घरी दर रविवारी मिस्सा सुटल्यावर धर्मग्रामातल्या एक बाई येतात, छोट्या गोल डबीत कम्युनियन घेऊन, आजीसाठी. त्या प्रार्थना म्हणतात, आजीला कम्युनियन देतात, आणि मग आजी त्यांची उलटतपासणी घेते. कोण कोण आलं होतं. अमक्याची सून होती का. तमका अजून काठी घेऊनच चालतो का. ही डबी साधारण १८७० वर्षं चालत आमच्या ओटीवर आलीय असं मला तोपर्यंत कधी वाटलंच नव्हतं.

आता नागासाकी.

जपानमध्ये ख्रिस्ती धर्म पोचला १५४९ मध्ये, फ्रान्सिस झेवियरबरोबर. हो, तेच, ज्यांचं शरीर जुन्या गोव्यात आहे. त्यांच्याबरोबर अंजिरो नावाचा जपानी माणूस होता, जो गोव्यात शिकला होता. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत जपानमध्ये ख्रिस्ती लोकांची संख्या तीन लाखांच्या आसपास गेली असा अंदाज सांगतात. आणि इथे एक वसईकर येतो. गोन्सालो गार्सिया. जन्म वसईचा, वडील पोर्तुगीज, आई इथली. पोरवयात जेझुइटांबरोबर जपानला गेला, भाषा शिकला, मग व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, आणि १५९३ मध्ये दुभाषी म्हणून परत जपानला. जपानचा सत्ताधीश हिदेयोशीसमोर फ्रान्सिस्कनांच्या वतीने बोलायला हाच. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून मारलं, त्यात तो होता. १८६२ मध्ये ते सगळे संत जाहीर झाले. वसईत त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. माझे दोन चुलतभाऊ तिथून बी.कॉम. झाले आणि दोघांनाही ते जपानमध्ये नेमके काय करत होते हे सांगता येत नाही. मलाही परवापर्यंत येत नव्हतं.

१६१४ मध्ये शोगुनने धर्मावर देशभर बंदी घातली. फादरांना मकाव आणि मनिलाला पाठवलं, काही लपून राहिले, ते एकेक करून सापडले. १६४४ मध्ये शेवटचा जपानी फादर मारला गेला. त्यानंतर चर्च नाही, फादर नाही, बिशप नाही, बाहेरून जहाज नाही.

यंत्रणा किती पक्की होती बघा. प्रत्येक घराने बौद्ध मंदिरात नाव नोंदवायचं आणि तिथून दाखला घ्यायचा. पाच-पाच घरांचे गट. एकाने गुन्हा केला तर पाचही जबाबदार. चौकाचौकांत पाट्या: फादर दाखवा, ५०० चांदीची नाणी घ्या. आणि नागासाकी भागात दरवर्षी नवीन वर्षाच्या सुमाराला फुमि-ए. म्हणजे येशूचं किंवा मारियेचं चित्र जमिनीवर ठेवायचं आणि घरातल्या प्रत्येकाने त्यावर पाय द्यायचा. लहान मुलांनीही. जो अडखळला तो पकडला.

लोकांनी पाय दिला. हे सरळ सांगायला हवं, कारण आपल्याला हुतात्म्यांच्या गोष्टी आवडतात, पाय देणाऱ्यांच्या नाही. पाय दिला, घरी आले, आणि पश्चात्तापाची प्रार्थना केली. त्यासाठी 'कोन्चिरिसान' नावाची एक छोटी पुस्तिका होती, बंदीच्या आधी १६०३ मध्ये तयार झालेली. पोर्तुगीज शब्दाचा जपानी उच्चार आहे तो. पापाची कबुली घ्यायला फादर नसेल तर मनापासून पश्चात्ताप कसा करावा हे त्यात सांगितलं होतं. तिच्या नकला हाताने उतरवल्या जात राहिल्या. दरवर्षी पाय, दरवर्षी पश्चात्ताप. दोनशेहून जास्त वर्षं.

आता इथे माझ्यासारखा माणूस लगेच म्हणेल, बघा! चर्चशिवाय जमलं की नाही? मग माझा लॅपटॉप काय वाईट आहे?

मीही हेच म्हणालो. आणि मग त्यांनी नेमकं काय केलं ते वाचलं.

त्यांनी ते एकट्याने केलंच नाही. बंदीच्या आधी फादर कमी आणि माणसं भरमसाठ अशी अवस्था होती, त्यामुळे मिशनऱ्यांनी गावोगाव सामान्य लोकांचे गट बांधले होते. फादर गेले तेव्हा हे गट राहिले. उराकामीसारख्या गावात त्यांची कामं वाटलेली होती. एक चोकाता, म्हणजे पंचांग सांभाळणारा: कुठला सण कधी, उपवास कधी, काम कुठल्या दिवशी करायचं नाही. एक मिझुकाता, पाणी देणारा, म्हणजे बाप्तिस्मा देणारा. आणि एक किकियाकु, घरोघरी निरोप पोचवणारा. या आठवड्यात सण आहे, अमक्याच्या घरी जमायचंय. कॅथलिक नियमांत बाप्तिस्मा गरज पडली तर कुणीही देऊ शकतो, त्यामुळे तेवढं चालू राहिलं. कम्युनियन आणि पापाची कबुली फादरशिवाय होत नाही. ते अडीचशे वर्षं बंद.

गावात कुणी गेलं की बौद्ध भिक्षूला बोलवावंच लागायचं. तो बाहेर सूत्रं म्हणायचा आणि शेजारच्या खोलीत हे लोक दबक्या आवाजात त्या मंत्रांचा परिणाम पुसणारी आपली प्रार्थना म्हणायचे. विचार करा, घरात प्रेत आहे, एका खोलीत एक पाठ, दुसऱ्या खोलीत दुसरा, आणि मध्ये कागदाची भिंत. मारियेची मूर्ती ठेवता येत नव्हती म्हणून मांडीवर मूल घेतलेल्या कान्नोन या बौद्ध देवतेची पांढरी चिनी मातीची मूर्ती ठेवायचे. प्रार्थनांना 'ओराशो' म्हणत, लॅटिन 'ओरात्सिओ'वरून. त्यात लॅटिन, पोर्तुगीज, जपानी सगळं मिसळलेलं, अर्थ बराचसा हरवलेला, पण तोंडपाठ. बाप मुलाला पुटपुटत शिकवायचा.

आणि एक कथा होती. बास्तियान नावाचा एक जपानी धर्मशिक्षक पहिल्या पिढीत पकडला जाऊन मारला गेला. पंचांग त्याचंच, १६३४ सालावर बेतलेलं. तो जाताना सांगून गेला अशी श्रद्धा होती की सात पिढ्यांनी मोठ्या काळ्या जहाजातून कबुली ऐकणारे फादर येतील, आणि तेव्हा दर आठवड्याला कबुली देता येईल.

दर आठवड्याला. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांचं स्वप्न काय होतं बघा. सोन्याचं चर्च नाही, सूड नाही. दर आठवड्याला जायला मिळणं. मला हे वाचून थोडी लाज वाटली, कारण माझ्या फ्लॅटपासून चर्च दुचाकीवर बारा मिनिटांवर आहे.

१८५० च्या दशकात जपानची दारं परदेशी व्यापाराला उघडली. परदेशी लोकांना त्यांच्या वस्तीत आपापलं प्रार्थनास्थळ बांधायची परवानगी मिळाली. जपानी लोकांवरची बंदी तशीच. नागासाकीत फ्रेंच फादरांनी ओउरा इथे चर्च बांधलं, फेब्रुवारी १८६५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. अर्पण कुणाला? निशिझाकाच्या त्या २६ संतांना. म्हणजे ज्या चर्चने पुढे जे घडलं ते पाहिलं, त्याच्या नावात आमचा वसईकरही आहे.

१७ मार्च १८६५, दुपार. उराकामीहून दहा-पंधरा माणसं, बायका, मुलं 'फ्रेंच मंदिर' बघायला म्हणून आली. फादर बेर्नार पेतिजां यांनी दार उघडलं आणि आत प्रार्थनेला गुडघे टेकले. एक बाई जवळ आली आणि हळूच म्हणाली की आमचं सगळ्यांचं मन तुमच्यासारखंच आहे. मग विचारलं, सांता मारियेची मूर्ती कुठे आहे? सुगिमोतो युरी तिचं नाव. फादरांनी मूर्ती दाखवली. लोक तिच्याभोवती जमले.

पण मला वेड लावलं ते पुढच्या तपशिलाने. बोलता बोलता ते म्हणाले की आपण आता दुःखाच्या ऋतूच्या सतराव्या दिवसात आहोत. दुःखाचा ऋतू म्हणजे उपवासकाळ, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. मी तारीख लावून बघितली. १८६५ मध्ये ईस्टर होता १६ एप्रिलला. म्हणजे राखेचा बुधवार १ मार्चला. म्हणजे १७ मार्च हा बरोबर सतरावा दिवस. वितरित प्रणालीत काम करणाऱ्यांना विचारा, दोन सर्व्हर दोन तास संपर्काबाहेर राहिले तर घड्याळं जुळवताना काय तोंडाला फेस येतो. इथे रोम आणि उराकामी दोनशेहून जास्त वर्षं संपर्काबाहेर, आणि दिवस एक. का? कारण प्रत्येक पिढीत एक माणूस पंचांग सांभाळत होता आणि दुसरा घरोघरी सांगत फिरत होता. एकट्या माणसाचा रविवार कधी चुकला हे कळतसुद्धा नाही. मी स्वतः लॉकडाऊनमध्ये दोनदा गुरुवारला शुक्रवार समजलो होतो.

सगळंच जुळलं नव्हतं, हेही खरं. त्यांच्याकडे 'आकाश आणि पृथ्वीचा आरंभ' अशा अर्थाच्या नावाचा एक ग्रंथ होता, तोंडी गोष्टींतून उतरलेला. त्यात येशूला शिक्षा देणारा पोंतियस पिलात हा एक माणूस नाही, दोन आहेत. एकाचं नाव पोंशा, दुसऱ्याचं पिरोतो. सतत कानोकानी गेलं की असंच होतं. फ्रेंच फादरांना बाप्तिस्म्याचे शब्दही तपासून घ्यावे लागले.

पुढचा भाग त्रासाचा आहे. उराकामीकरांनी गावात चार गुप्त प्रार्थनाघरं केली, फादर रात्री तिथे येऊन मिस्सा करू लागले. आणि लोकांनी एक गोष्ट सोडून दिली: लपणं. कुणी वारलं तेव्हा त्यांनी मुखियाला सांगितलं, बौद्ध भिक्षू नको. अडीचशे वर्षं शेजारच्या खोलीत पुटपुटणारी माणसं आता हे उघड बोलत होती. १८६७ च्या जुलैत धाड पडली. मग शोगुनशाही गेली, मेइजी सरकार आलं, पण धोरण तेच. १८६८ ते १८७० मध्ये उराकामीच्या ३,३९४ लोकांना, म्हणजे जवळपास सगळ्या ख्रिस्ती गावाला, देशभर वेगवेगळ्या संस्थानांत हद्दपार केलं. उपासमार, गोठलेल्या तळ्यात उभं करणं, माणूस नीट बसूही शकणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं. सहाशेहून जास्त माणसं मेली. युरोप-अमेरिकेत यावर ओरड झाली, आणि १८७३ मध्ये बंदीच्या पाट्या उतरल्या. लोक परत आले. या सगळ्याला ते 'तबी' म्हणत, म्हणजे 'प्रवास'. फक्त प्रवास.

परत आल्यावर त्यांनी काय विकत घेतलं? मुखियाचं जुनं घर. जिथे दरवर्षी फुमि-ए व्हायचं ते. त्या जागेवर १८९५ पासून चर्च बांधायला घेतलं, ते १९१४ ला पूर्ण झालं. वीट वीट, गरीब शेतकऱ्यांच्या पैशातून. मला वाटतं 'चर्चला का जायचं' याचं यापेक्षा मोठं उत्तर मला कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. ज्या जमिनीवर आजोबांना पाय द्यावा लागला, तिथेच नातवाने दर रविवारी गुडघे टेकले.

पण थांबा, दुसरी बाजू. सगळे परत आले नाहीत. इकित्सुकी बेटावर आणि इतर ठिकाणी हजारो लोक म्हणाले, आमच्या वाडवडिलांनी जे सांभाळलं तेच आमचं. तुमचं चर्च नको. त्यांना एकदम चूक ठरवायला माझी जीभ रेटत नाही. ज्या ओराशोसाठी बापाने जीव धोक्यात घातला ती 'चुकीची' आहे असं परदेशी फादराने सांगावं? आपल्या भाषेत सांगायचं तर कोड फोर्क झाला होता आणि आता मर्ज करणं शक्य नव्हतं. पण त्यांचं काय झालं तेही बघा. छळात जे टिकलं ते स्वातंत्र्यात विरत गेलं. तरुण शहरात गेले, पाणी देणाऱ्याची, पंचांगवाल्याची जागा घ्यायला कुणी उरेना, आणि एकेक गट बंद होत गेला. आज तिथे फार थोडे गट उरलेत. छळ नाही, पाट्या नाहीत, नाणी नाहीत. नोकऱ्या, शिक्षण, रविवारची झोप. माझीच कारणं.

जबरदस्तीने हे होत नाही, हेही इतिहास सांगतो. इंग्लंडमध्ये १५५९ च्या कायद्याने चर्चला न जाणाऱ्याला दर रविवारी १२ पेन्स दंड होता. १५८१ मध्ये तो महिन्याला २० पौंड झाला. लोक देहाने जाऊन बसायचे आणि मनाने दुसरीकडे असायचे. शेक्सपियरचे वडील १५९२ च्या गैरहजरांच्या यादीत आहेत. कारण लिहिलंय, कर्जाच्या वसुलीच्या भीतीने येत नाहीत. (ईएमआयवाल्यांचा फोन चुकवणाऱ्या सगळ्यांना नमस्कार.) थर्मामीटर लावून मला मिस्साला पाठवणं हेही थोडं १५५९ सारखंच होतं, आणि त्याचा परिणाम तुमच्यासमोर आहे.

उराकामीचं शेवटचं पान. ९ ऑगस्ट १९४५, सकाळी ११ वाजून २ मिनिटं. अणुबॉम्ब पडला तो चर्चपासून साधारण ५०० मीटरवर. १५ ऑगस्टच्या मारियेच्या सणाची तयारी म्हणून तेव्हा आत फादर पापाची कबुली ऐकत होते आणि लोक रांगेत होते. आतलं कुणी वाचलं नाही. धर्मग्रामातल्या सुमारे १२,००० लोकांपैकी साधारण ८,५०० गेले. २३ नोव्हेंबरला उरलेल्यांनी त्या ढिगाऱ्याशेजारी उघड्यावर मृतांसाठी मिस्सा केली. डॉक्टर ताकाशी नागाई तिथे बोलले. त्यांची बायको बॉम्बमध्ये गेली होती, ते स्वतः किरणोत्साराने आजारी होते. नाताळला ढिगाऱ्यातून एक घंटा काढून वाजवली. छप्पर नाही, भिंती नाहीत, आणि तरी लोक त्या जागी आले. घरी प्रार्थना करता आली असती. अर्थात, घर होतं कुणाकडे.

मी हे सगळं वाचत होतो तेव्हा मला सारखा आमचा २०२० चा लॉकडाऊन आठवत होता. चर्च बंद, मिस्सा यूट्यूबवर. आजी तेव्हा चालत होती. रविवारी सकाळी ती अंघोळ करून ठेवणीतलं लुगडं नेसायची आणि मोबाईलसमोर खुर्ची टाकून बसायची. शुभवर्तमानाला उभी राहायची, मोबाईलसमोर. आम्हाला हसू यायचं. कम्युनियनच्या वेळी स्क्रीनवर एक प्रार्थना यायची, ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी. ती म्हणून झाली की आजी डोळे पुसायची. मग एकदा तिने विचारलं, "यात बाकीची माणसं का दिसत नाहीत?" मी तिला समजावलं की फादर एकटेच आहेत, कॅमेरा आहे, लोक आपापल्या घरी आहेत. ती म्हणाली, "म्हणजे कोण आजारी आहे ते कळायचं कसं?"

तेव्हा मी याला म्हातारपणाची चौकसपणा समजलो होतो. आणि खरं सांगायचं तर चर्चमध्ये चौकशा कमी नसतात. तू लग्न कधी करतोस, पॅकेज किती, मुलगी आपल्यातली आहे ना. यामुळे न जाणारे माझ्या वयाचे कितीतरी जण आहेत, आणि त्यांचं पूर्ण चूक नाही. पण किकियाकु हेच तर करत होता. घरोघरी फिरायचा, कोण आहे, कोण नाही, कुणाला निरोप पोचला नाही. जस्टिनच्या सभेतला तो भाकर पोचवणारा सेवक, त्यालाही आधी कळायला लागत असणारच की आज कोण आलेलं नाही. मी दोन वर्षं पुण्यात चर्चला गेलो नाही आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही, कारण मी आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. माझा लॅपटॉप मला मिस्सा दाखवत होता. मिस्साला मी दिसत नव्हतो.

गेल्या रविवारी मी गेलो. सातची नाही, नवाची. एकदम एवढी अपेक्षा ठेवू नका. शेवटच्या बाकावर बसलो. प्रवचन साधारण होतं, गायकवृंदातला एक जण सतत वरच्या पट्टीत जात होता, पंखा आवाज करत होता. शांतीचं अभिवादन करायची वेळ आली तेव्हा बाजूच्या काकांनी हात जोडले, मग थांबून हात पुढे केला. सिक्युरिटी गार्डचा निळा शर्ट होता, रात्रपाळी करून सरळ आले असावेत. बाहेर पडताना म्हणाले, "पहिल्यांदा आलात?" हिंदीत. मी हो म्हणालो. ते झारखंडचे, इथे चार वर्षं.

दुपारी घरी फोन केला. मम्मीने विचारलं, मी सांगितलं. ती काही बोलली नाही, पण फोन आजीकडे जायच्या आधी नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मग आजी.

"बाजूला कोण बसलं होतं?"

"एक काका होते आजी. झारखंडचे. सिक्युरिटीत काम करतात, रात्रपाळी करून आले होते."

"जेवून आले होते का?"

"ते नाही विचारलं."

"नाव काय त्यांचं?"

नाव विचारायचं राहिलं होतं. "पुढच्या रविवारी विचार," ती म्हणाली आणि फोन मम्मीकडे दिला.

तर मंडळी, आजचा एपिसोड इथपर्यंत. पुढच्या वेळी बहुतेक रेल्वेच्या टाइमटेबलचा इतिहास, तयारी झाली तर. भेटू.